शमुवेल सरांच्या आवाजातली एक हाक

अनाकलनीय अनुभवांच्या अशा सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मलाही तेच सांगायचंय... फक्त माझा अजूनही नाही. मी प्रोग्रॅमर माणूस. मशीन काहीतरी विचित्र वागलं की चूक एक तर माझ्या कोडमध्ये असते, नाही तर वायरमध्ये. आजवर तिसरं कारण सापडलेलं नाही. एकदाच असं झालं की ना कोडमध्ये चूक सापडली, ना वायरमध्ये.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. पुण्यात डिप्लोमा करून मी गावी, म्हणजे नगरशेजारच्या भिंगारला परत आलो होतो आणि बाजारपेठेत एका दवाखान्याच्या वरची खोली घेऊन ‘सॉफ्टवेअर’ची पाटी लावली होती. लोक त्या पाटीकडे बघून टीव्ही दुरुस्तीला घेऊन यायचे. मी दूध डेअरीसाठी फॅट मोजणीचे प्रोग्रॅम लिहायचो, लग्नपत्रिका करून द्यायचो. एका मंगल कार्यालयाची वेबसाईटही केली. इंटरनेट जोडायला अर्धा तास, तुटायला एक फोन पुरे. माझ्या पीसीवर साईट झकास दिसायची, पण मालकाच्या मेहुण्याने मुंबईत उघडली तर मराठीच्या जागी नुसते आकडे आणि वेलांट्या. मालक मला म्हणाला, “हे कुठल्या भाषेत लिहिलंय राव?” त्याला फॉन्ट म्हणजे काय ते समजावता समजावता माझी एक संध्याकाळ गेली, आणि त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

असल्या कामांना कंटाळलेलो असताना शमुवेल सरांचं कळलं.

सर मला शाळेत मराठी शिकवायचे. ख्रिस्ती कुटुंब, भिंगारमध्येच घर. निवृत्त झाल्यावर चर्चमध्ये रविवारी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, करायचे. आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर ऐकू जायचा. त्यांना घशाची गाठ झाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. भेटायला गेलो तर गळ्यावर पांढरा रुमाल बांधून खुर्चीत बसलेले, मांडीवर पाटी-पेन्सिल. माझ्याशी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, नुसते ओठ हलले... मग मान खाली घालून पाटीवर लिहिलं, ‘बस.’

त्यांची बायको मार्थामावशी राहुरीकडच्या खेड्यातली. ती म्हणाली, “मला वाचता येत न्हाई नीट. ह्ये लिवत्यात, मी शेजारच्या पोरीला हाक मारून वाचून घेते. तोवर पान्याचं भांडं मागितलं का औषद मागितलं, त्येंनाच आठवत न्हाई.”

एक कल्पना सुचली. आजारी माणसांना चर्चला येता येत नाही म्हणून सर पूर्वी आपलं वाचन कॅसेटवर टेप करून त्यांच्या घरी पाठवायचे. त्या कॅसेटी मावशीने पिशवीत भरून ठेवल्या होत्या. मी त्या कॉम्प्युटरमध्ये घेतल्या, त्यातले सुटे शब्द कापले आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कीबोर्डच्या एकेका कळीवर स्टिकर – पाणी, उठव, नको, हो, ये, जेवण. कळ दाबली की स्पीकरमधून सरांच्याच आवाजात तो शब्द. माझा जुना पीसी त्यांच्या बाहेरच्या खोलीत नेऊन मांडला.

करताना नाकी नऊ आले. साउंड कार्ड एकदा चालायचं, दोनदा रुसायचं. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. त्यात ‘चहा’ हा शब्द एकाही कॅसेटमध्ये नव्हता! शास्त्रात चहा कुठून असणार? शेवटी एका शब्दातला ‘च’ आणि दुसऱ्यातला ‘हा’ जोडला. तो चहा असा काही निघायचा की जणू सर कुणाला तरी दरडावतायत. बाकीचे शब्दही व्यासपीठावरच्या भारदस्त आवाजातच. सरांनी पहिल्यांदा ‘पाणी’ दाबलं तेव्हा मावशी दचकून उभीच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. “पानी मागत्यात का उपदेश करत्यात!” सरही हसले, आवाजाशिवाय, खांदे हलवून. पुढे दिवसभर ते उगीचच पाणी मागत होते.

आता जे सांगायचंय ते.

उन्हाळा होता, जेवणं झाल्यानंतरची वेळ. मी ‘जेवण’ आणि आणखी एक-दोन शब्द सुधारून दिले होते आणि काम संपवून उंबऱ्याशी बसून ताक पीत होतो. पीसी चालू होता. सर त्याच्यासमोर खुर्चीत, पण कीबोर्डपासून मागे सरकून बसलेले, दोन्ही हात मांडीवर. मला ते समोर दिसत होते. मावशी मागच्या अंगणात भांडी घासत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

स्पीकरमधून आवाज आला,

“चिमणे... ऊन लागंल गं. ये घरात.”

आवाज सरांचा. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण बोलणं सरांचं नव्हतं. आम्हाला ‘ण’ आणि ‘न’ वरून पट्टी खायला लावणारा माणूस ‘लागंल’ म्हणेल? आणि तो भारदस्त सूरही नव्हता. साधा, घरातला, थोडा घाईचा आवाज.

माझ्या मनात पहिला विचार आला तो प्रोग्रॅमरचाच, की कुठली तरी फाईल बिघडली. ‘जेवण’चं काहीतरी झालं असणार. मी भांडं खाली ठेवून उठलो.

तेवढ्यात मावशी ओल्या हातांनी, कोपरापर्यंत राख, दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. सरांकडे बघत होती.

“कोन बोललं?”

सर पांढरेफटक पडले होते. त्यांनी पाटी घेतली आणि लिहून माझ्याकडे फिरवली. ‘मी नाही.’

“ते म्हणतायत मी नाही,” मी म्हणालो. “मावशी, मशीनचा काहीतरी घोळ आहे. बघतो मी. कसला तरी शब्द लागला... चिमणे की काहीतरी.”

“काहीतरी न्हाई,” मावशी म्हणाली. “रिबेकाला म्हनायचे ते. ल्हान हुती तवा.”

रिबेका त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा थोडी लहान. तिने राहात्याच्या एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. मुलगा चांगला, पण बौद्ध घरातला, चर्चच्या मंडळीबाहेरचा. सरांनी लग्नाला जायचं नाकारलं आणि त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. मावशी तिला चोरून निरोप पाठवते हे भिंगारमध्ये आम्हा सगळ्यांना माहीत होतं, बहुधा सरांनाही. पण उघड काही नाही. तिला मुलगा झाला तेव्हाही सर गेले नव्हते. ऑपरेशनच्या वेळी ती हॉस्पिटलच्या दारापर्यंत येऊन परत गेली होती, असं नंतर कळलं.

“चिमणे म्हणायचे हे मला माहीतच नव्हतं,” मी म्हणालो.

“तुला कसं ठावं असंल? कुनाम्होरं म्हनलेच न्हाईत कदी. शाळंतनं आले की त्या वळचनीला हुबं ऱ्हाऊन हाक मारायचे. तिच्यासंगट असं आमच्यावानीच बोलायचे. दुसऱ्या कुनासंगट न्हाई.”

सरांनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, पेन्सिल करकरत, ‘हात मांडीवर होते.’

“हो सर, मी पाहिलं,” मी म्हणालो.

मावशीने पदराला हात पुसले. ती सरांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्याशी अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

“तुमी बोलला नसाल. पन आवाज तुमचा हाय आन हाक माझ्या लेकीला हाय. मी तिला कळवनार. नको असंल तर आत्ता सांगा.”

‘नको’ची कळ समोरच होती, लाल स्टिकरची. माझं लक्ष तिकडेच गेलं. सरांचं लक्षही तिकडे गेलं असावं... त्यांनी हात मांडीवरून उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि परत मांडीवर ठेवला.

मावशी तशीच, कोपरांवर राख घेऊन, शेजारच्या एसटीडी बूथवर गेली. राहात्याला रिबेकाच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. मी पैसे द्यायला मागोमाग गेलो. मावशी फोनमध्ये एवढंच म्हणाली, “मास्तरांनी हाक मारली तुला. व्हय. चिमणी म्हून.” मग नुसतीच “हॅलो... हॅलो” करत राहिली.

दुसऱ्या दिवशी रिबेका आली. नवरा आणि छोटा मुलगा बरोबर. नवरा फाटकाशी थांबला, आत येऊ का नको म्हणून. मी मशीन तपासायच्या निमित्ताने तिथे होतो. खरं सांगायचं तर मला राहवलं नव्हतं. रिबेका उंबऱ्यात आली आणि थबकली. बापाच्या गळ्यावरचा रुमाल तिने पहिल्यांदाच पाहिला. सरांनी पाटीकडे हात नेला, पण पाटी घेतली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि कळ दाबली.

“ये!”

तोच चर्चमधला, छप्पर हादरवणारा आवाज. छोटा मुलगा घाबरून आईच्या मागे लपला. रिबेका एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. सरांनी फाटकाकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. “ये!” जावई धावतच आत आला. त्याला वाटलं काहीतरी झालं.

त्यानंतरची गोष्ट सरळ आहे. ते येत-जात राहिले. नातवाला त्या कीबोर्डचं भारी वेड. तो दिवसभर आजोबांच्या आवाजात चहा मागायचा.

माझं मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं. पीसी घरी आणून उघडला. प्रोग्रॅममध्ये, कुठली कळ दाबली जाते त्याची नोंद व्हायची सोय मी ठेवली होती. त्यात त्या दिवसाची शेवटची कळ ‘पाणी’, जेवणाच्या वेळची. पुढे थेट दुसऱ्या दिवशीचं ‘ये’. मग वाटलं, कॅसेटी भरताना आधी अख्खी बाजू डिस्कवर घ्यायचो आणि शब्द कापल्यावर पुसून टाकायचो. पुसलेलं डिस्कवरून लगेच जात नाही. चुकून तो तुकडा वाजला असेल. म्हणून मावशीबरोबर बसून पिशवीतल्या सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकल्या, दोन्ही बाजू. शास्त्रवाचन, प्रार्थना, एके ठिकाणी खोकला, एके ठिकाणी मागे कुत्रं. ‘चिमणे’ नाही, ‘ऊन’ही नाही.

एक आशा होती ती वायरलेसची. भिंगार म्हणजे छावणी. कधीकधी लष्कराचं बोलणं माझ्या स्पीकरमध्ये शिरायचं, एकदा तर मंगल कार्यालयाच्या मालकासमोर कुणीतरी ‘ओव्हर’ म्हणालं होतं. पण फौजेतला कोण वायरलेसवरून चिमणीला उन्हातून घरात बोलावेल? आणि तेही सरांच्या आवाजात? मावशीने काही केलं असेल म्हणावं, तर तिला त्या मशीनचं बटणही माहीत नव्हतं, आणि आवाज आणणार कुठून?

सरांना मी एकदाच विचारलं. “सर, त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं?” त्यांनी पाटी पुढे ओढली. मग लिहिलं, ‘मनातलं विचारू नये.’ ‘विचारू’तला रु त्यांनी पुसून दीर्घ केला – चुकून ऱ्हस्व पडला होता – आणि पाटी बाजूला ठेवली.

पुढे दोनेक वर्षांनी सर गेले, झोपेत. त्यानंतर मी हे पुष्कळ जणांना सांगितलं, नंतर नोकरी केली त्या पुण्यातल्या कंपनीतल्या हुशार लोकांनाही. प्रत्येकाने काही ना काही कारण सांगितलं. एकाचंही दुसऱ्याशी जुळलं नाही आणि मला एकही पटलं नाही. माझ्याकडे स्वतःचंही नाही.

सरांच्या मातीच्या दिवशी सगळे निघून गेल्यावर रिबेका माझ्यापाशी आली.

“सुधीरदादा, आईनं ऐकलं, तुम्ही ऐकलं. मीच तेवढी नव्हते. कसे बोलले हो? रागात होते का?”

“नाही गं. अजिबात नाही,” मी म्हणालो. “तू इथंच कुठंतरी खेळतेयस आणि एका हाकेत येशील, अशी खात्री असल्यासारखे.”

तिने रिकाम्या अंगणाकडे बघितलं.

“एका हाकेत कधीच यायचे नाही मी,” ती म्हणाली.