पंचवीस फुटांवरची खडूची रेघ

जानेवारी १९९४, दुसरा मंगळवार. दिल्ली कँटमधलं आमच्या युनिटचं वर्कशॉप. एक टनी गाडीचा उजवा हेडलाइट दगड लागून फुटला होता. बाजारातून १८५ रुपयांना नवा आणला. हजर दोघे: मी, वर्कशॉपचा हवालदार, आणि गाडीचा ड्रायव्हर लान्स नायक दत्ता खोत, कागलकडचा.

नवा लाइट बसवला की पातळी लावावी लागते. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर खडूची रेघ मारायची आणि डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेला, झोत रेघेखाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. पाऊण तास लागला. रजिस्टरमध्ये 'ओके' लिहून मी सही केली.

खोत रोज संध्याकाळी मानेसरच्या पुढच्या कॅम्पला रेशन न्यायचा. गुडगावला तेव्हा सोसायट्यांचे सांगाडे उभे राहत होते, रस्त्यावर नव्या मोटारी वाढत होत्या. शुक्रवारी समोरून येणाऱ्या एका ब्रिगेडियरसाहेबांनी गाडीचा नंबर टिपून घेतला. तक्रार आली: ड्रायव्हर हाय बीम सोडत नाही. खोतचं नायकाचं प्रमोशन तोंडावर होतं. शिस्तभंगाचा चार्ज लागला की ते गेलं.

"उस्ताद, आईशप्पथ, डिपरवरच होतो. रोज सगळे ट्रकवाले शिव्या घालतात."

"पंजाबीत की हरियाणवीत?"

"दोन्हीत. खरंच हाय बीम दिला असता, तर शिव्या खाल्ल्याचं समाधान तरी असतं."

शनिवारी पुन्हा भिंत. झोत बरोबर रेघेखाली. मग लोकांचे डोळे दिपतात कसे? मला चैन पडेना. दिवसभर वायरिंग, बल्ब, काच तपासली. सगळं ठीक. पाच वाजता रेशन भरायला लागले. पीठ, तांदूळ, बटाटे, अठरा पोती. मागच्या स्प्रिंगचे पाटे दबले, बॉनेट वर आलं. मी ते बघतच राहिलो.

"खोत, आहे तशी भिंतीसमोर घे."

झोत रेघेच्या सव्वाचार इंच वर. मी पातळी रिकाम्या गाडीवर लावली होती. अंधारात ती जायची, ती कायम भरलेली.

खोत म्हणाला, "आता स्क्रू फिरवा आणि गप्प बसा, उस्ताद. कुणाला कळतंय?"

"मग तू हाय बीमवर होतास, हेच कायम राहील."

सोमवारी कंपनी कमांडरसमोर उभे राहिलो.

"लाइट किसने सेट की?"

"मैंने, सर. खाली गाडी पर."

"ड्राइवर की गलती?"

"नहीं, सर."

चार मिनिटांत संपलं. माझ्या रेकॉर्डवर लाल शाईची नोंद झाली. मी हवालदार म्हणूनच निवृत्त झालो.

मार्चमध्ये खोत नायक झाला. ऑगस्टमध्ये त्याची उत्तरेला, डोंगरात बदली झाली. तिथे ताफ्याच्या पहिल्या गाडीत तो बसायचा. सप्टेंबरात एका सकाळी नऊ चाळीसला ती गाडी सुरुंगावर गेली. लान्स नायकच राहिला असता तर तो मागच्या गाडीत असता का, हे मी तिथून आलेल्या दोघांना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही.

नायक दत्ता खोत. वय सत्तावीस, अविवाहित. पेन्शन नायकाच्या दराने बसली. ती दर महिन्याला त्याच्या आईला, अनुसया खोत यांना मिळते.