सागवानी नळ्यांचा बाजा

घाटंजीचे अब्दुल गनी सुतार. चौकटी, पलंग, दिवाण करण्यात हयात गेली. तिशीत असताना ते नागपूरला एका चर्चचा जिना दुरुस्त करायला गेले होते. पायरीवर बसून रंधा मारत होते आणि आत कुणीतरी ऑर्गन वाजवू लागलं. तो आवाज कानांआधी तळपायांत आला. डोकावून पाहिलं तर भिंतभर उंच नळ्या उभ्या, आणि एवढी मोठी इमारत झोपेत श्वास घेत असावी तसा तो सूर.

साठी ओलांडल्यावर, मुलगी जिया सासरी गेली तेव्हा, तिच्या खोलीत त्यांनी तसाच बाजा करायला घेतला आणि पहिली नळी केली. सागवानी, चौकोनी, तोंडाशी बारीक फट. मोबाइलवर पाहत, चुकत, एकतीस नळ्या झाल्या. पट्ट्या दाबल्या की झडपा उघडाव्यात म्हणून सायकलचे स्पोक जोडले. भात्याचं कातडं बायकोनं, गुलनारनं, हातानं शिवलं. यात चार वर्षं गेली.

"हे वाजन कधी?" ती विचारायची.

"वाजन. मले तं रोज सपनात ऐकू येते."

एका सकाळी भाता भरून त्यांनी पट्टी दाबली. नुसती फुसफुस. हवा कुठून तरी निसटत होती. पंधरा दिवस त्यांनी सांध्यांना कान लावला, ओला हात फिरवला. शेवटी सगळ्यावर चादर टाकली आणि कुणाचा तरी राहिलेला दिवाण करायला घेतला.

गुलनारनं गादीतून चिमूटभर कापूस काढला, बोटांनी पिंजून धुक्याएवढा विरळ केला.

"जियाचे अब्बा, भाता चालवा."

"कायले?"

"चालवा तं."

कापूस धरून ती सांध्यासांध्यावरून सरकत गेली. नळ्यांखालच्या हवेच्या पेटीच्या मागच्या कोपऱ्यात तो थरथरला आणि बोटांतून उडाला.

"अथी हाये पाहा."

सरस आणि कातड्याचा तुकडा लावून एक दिवस वाळू दिलं. मग त्यांनी सगळ्यात लांब नळीची पट्टी दाबली. छपराचे पत्रे हलके गुणगुणले. गुलनार खाली बसली.

"सपनात असाच ऐकू ये काय?"

"नाही," ते म्हणाले. "हा जास्त मऊ हाये."

त्यांना गाणं एकही येत नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी ते दोन-तीन पट्ट्या नुसत्या दाबून धरतात, बराच वेळ. बंजारा तांड्यावरची बिजलीबाई भाजी विकून परतताना त्यांच्या ओट्यावर टेकते. परवा तिचा डोळा लागला. जागी झाल्यावर म्हणाली, "मी लहान होती. बैलांच्या मागं चालून राह्यली होती. लय दूर." मग टोपलं उचलून ती एसटीकडे गेली.