हयातीचा फोटो

माझ्या हातात माइक द्यायचा नसतो, हे सिंगापूरच्या आमच्या मंडळींना आता कळलंय. बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत भीमजयंतीचा कार्यक्रम होता. नव्या लोकांची ओळख करून देताना मी उत्साहात म्हणालो, "हा आपला प्रफुल्ल, नागपूरचा, कॅसिनोत असतो!" पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हळूच पर्स मांडीवर ओढून घेतली.

वास्तविक प्रफुल्लनं आयुष्यात कधी पत्ते पिसलेले नाहीत. नोव्हेनाजवळच्या एका कंपनीत तो ओळखपत्रं तपासतो. परदेशी ऑनलाइन कॅसिनोत खातं उघडणारा माणूस आपलं कार्ड पाठवतो आणि सोबत एक फोटो, हातात चिठ्ठी धरलेला. चिठ्ठीवर साइटचं नाव आणि तारीख. माणूस खरा आहे, जिवंत आहे आणि तोच आहे, एवढं बघून प्रफुल्लनं 'पास' नाहीतर 'परत' दाबायचं. देवनागरी अक्षर दिसलं की अर्ज आपोआप त्याच्याकडे. खोलीत फोन न्यायचा नाही, आणि स्क्रीनवर पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा. खेळणाऱ्याची गोष्ट खेळणाऱ्यापाशी.

माफी मागायला मी त्याला कॉन्डोच्या स्विमिंग पूलपाशी गाठलं. तो रागावलेला नव्हताच.

"काकाजी, तुम्ही बरोबरच बोललात," तो म्हणाला. "आता तर माझी आईही कॅसिनोत येऊन बसलीये."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण चेहरा थट्टेचा नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या स्क्रीनवर कमलाबाई आल्या, त्याची आई. वय बहात्तर, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर इंग्रजीत साइटचं नाव, अक्षर प्रफुल्लच्या धाकट्या भावाचं, संजीवचं. आणि त्याखाली आईनं स्वतःहून ठसठशीत मराठीत लिहिलेलं: मी हयात आहे. शेजारी सही.

"पेन्शनचा हयातीचा दाखला समजली ती," प्रफुल्ल म्हणाला. "संजीवनं तसंच सांगितलं असणार. त्याचं स्वतःचं कॅसिनोतलं खातं बंद झालं असेल, म्हणून आता हिचं नाव. हे पास झालं की जुगार तिच्या नावावर, आणि बाबांच्या मागे तिला मिळणारी पेन्शन त्या खात्याला जोडलेली."

"मग तू काय केलंस?"

"ओळखीचं माणूस आलं तर अर्ज दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम आहे. मी नाही दिला. पदरानं कान झाकलेत म्हणून परत पाठवला."

आठवड्याभरात आई पदर न घेता आली. सासऱ्यांसमोर जो पदर कधी ढळला नाही, तो लेकाच्या शेऱ्यानं खाली आला. मग चष्म्यावर चमक आहे म्हणून परत. पुढच्या वेळी ती बिनचष्म्याची आली आणि कॅमेरा न दिसल्यामुळे भलतीकडेच बघत राहिली. नजर समोर नाही, परत.

"अरे, फोन कर की तिला!"

"केला ना. सहज विचारलं, आई, फोटोबिटो काढतं का गं कोणी? तर म्हणते, 'संजीव किती करते माझं! सरकारले माझं तोंडच पसंत नाही म्हणे. हयात आहो हे पटवायले आता मरूनच दाखवू का?' आणि हसत बसली. तिला त्याच घरात राहायचंय, काकाजी. मी सांगून मोकळा होईन. सकाळचा चहा तिनं मग कोणाच्या हातून घ्यायचा?"

"आणि तुझ्या साहेबाला कळलं तर?"

"ते वेगळंच. परत पाठवायची कारणं यादीतून निवडावी लागतात. अकरा आहेत. सात वापरून झाली."

गप्प राहणं मला जमत नाही. सल्ला द्यायची खोड. म्हणालो, "असं रोज जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा सोड ना ती नोकरी!"

"मी सोडली की पुढचा माणूस आईला पास करेल."