सारवलेलं सागवान

मुलचेऱ्याकडच्या गावात आमचं घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या. पावसाळ्यात जमिनीला ओल यायची, पोपडे सुटायचे आणि माझी मोठी बहीण कमल, म्हणजे ताई, ती जमीन पुन्हा पुन्हा शेणानं सारवायची. बाबा बांबूतोडीला, माय धानाच्या रोवणीला. ओल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून मी उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. ताईची शाळा चौथीत सुटली, माझी नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे आणि हे मी मान वर करून सांगते. घरी त्याच्यावर ताईचं एकच म्हणणं असायचं, "शिकली तं शिकली, पण हिले सारवता नाई येत." मागच्या महिन्यात ताई गेली...

लग्नानंतर काही वर्षांतच ती विधवा झाली आणि दिराच्या घरी राहू लागली. तिथं तिची झोपायची जागा पडवीत, बैलांच्या शेजारी. मला चंद्रपुरात शिक्षिकेची नोकरी लागली, पुढे शहराच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या आत एक जुनं घर घेता आलं, तेव्हा पहिल्यांदा तिलाच घेऊन आले. आली, पण पाहुणीसारखी. तिच्या बोलण्यात तुझी चूल, तुझा नळ, तुझं घर... सगळं तुझंच. मी म्हणायची, "ताई, आपलं म्हण ना." ती नुसती हसायची.

घराच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन होती. वापरून वापरून मधे खोलगट झालेली, काळी पडलेली, अनवाणी चाललं की कुसळ घुसायचं. नामदेव मिस्त्रींनी दोन-तीन दिवस रंधा मारला, फटींत भुसा आणि सरस भरला. आतून मधासारखं पिवळं लाकूड निघालं. "उद्या तेल पाजू," म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ताईनं अख्खी माडी सारवून ठेवलेली! गवळ्याकडून शेण आणून, टोपल्या जिन्यानं वर चढवून, कडेनं रांगोळीसुद्धा काढली होती. दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती, बक्षिसाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी.

तेवढ्यात तेलाचा डबा घेऊन मिस्त्री आले. वर पाहिलं आणि डबा खालीच ठेवला. "बाई, हे सागवान हाये. गोठा नाई."

"मंग उघडीच टाकून काऊन गेले?" ताई म्हणाली. "जमीन कोणी अशी उघडी ठेवते का?"

कोरड्या लाकडानं शेणाचं पाणी पिऊन घेतलं होतं. धुतलं तरी हिरवट डाग गेले नाहीत. मिस्त्री म्हणाले, पुन्हा रंधा मारला तर फळ्या पातळ होतील, आता हातानंच घासावं लागेल. संध्याकाळी ताईचं बोचकं दाराशी आलं. "मी जातो शोभा. तुह्या घराची पार वाट लावली मी."

तिकडे पडवी होती, बैल होते. मला रडू येत होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "जा. पण घासन कोण? मले तं शाळा हाये."

तिनं बोचकं उचललं आणि आत घेऊन गेली.

पुढचे कित्येक दिवस ती पॉलिश पेपर घेऊन उकिडवी बसून, मागं सरकत सरकत माडी घासत होती. मिस्त्री ओरडायचे, "सरळ, बाई! लाकडाच्या नसेच्या दिशेनं! तुमचा हात सारवल्यावानी फिरून राह्यला." तिचं उत्तर तयार, "जलमभर फिरला, आता तुम्ही म्हणाल म्हणून सरळ होते का?" शेवटी कोमट जवसाचं तेल चोळलं आणि फळ्या उजळल्या, पण खिडकीपाशी अर्धगोल ओरखडे उठून दिसायला लागले. सारवणाच्या हाताचे. मिस्त्री म्हणाले, "एवढं काढून टाकू." ताई फडकं पिळत म्हणाली, "राहू द्या. माह्या घरात माहा हात दिसला तं काय झालं?"

मिस्त्रींनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. ताई तेलाचा डबा घेऊन पुढच्या फळीकडे सरकली.

त्यानंतर ती कधी परत गेली नाही. दरवर्षी दिवाळीआधी माडीला तेल तीच लावायची. माझी चटई त्या ओरखड्यांवर आली की हातानं बाजूला सरकवायची. त्याच माडीवर, दुपारच्या झोपेत ती गेली. दिराचा मुलगा गाडी घेऊन आला. "मावशी, आमच्या घरची सून हाये ते. तिची तिरडी आमच्याच दारातून न्या लागते," म्हणाला. त्याचं चुकलं असं नाही, तिकडची रीतच तशी आहे. मी त्याला वर नेलं, खिडकीपाशी उभं केलं आणि ते ओरखडे दाखवले. "हे तिनं केलं. हे तिचं घर हाये." तो खाली वाकला, त्यांवरून बोटं फिरवली आणि जिना उतरून तिरडीच्या बांबूला हात लावायला गेला.

माझी बहीण तिच्या स्वतःच्या घरातून निघाली.