मागच्या बाजूचा डाग

जुन्या नकाशांच्या दुकानात आतल्या खोलीत, खिडकीला टेबल लावून आत्या बसायच्या. दुकान त्यांच्या भावाचं. बिनरंगी छापील नकाशांत रंग भरायचं काम त्या तिशीपासून करत होत्या. प्रत्येक नकाशाच्या मागे भाऊ पेन्सिलीने लिहायचा, "रंग अलीकडचा." तो गेला, दुकान भाच्याकडे आलं आणि ती ओळ लिहिणं बंद झालं.

भाच्याने एक जाडजूड जुना अ‍ॅटलास आणला आणि ब्लेडने पान पान सुटं केलं. आत्यांना ते बघवेना. त्यातलं उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याचं पान त्यांच्या पुढ्यात आलं. ट्यूनिसपासून त्रिपोलीपर्यंतचा किनारा, समुद्रात शिडांची गलबतं, वाळूच्या दांड्यांचे बारीक ठिपके. किल्ल्यांना तांबडा, किनाऱ्याला हिरवा, असं करत त्यांनी ते आठवडाभरात रंगवलं. हात अजून स्थिर होता.

भाच्याने कागद उलटा केला. "आत्या, मागून कोराच आहे की. जुना हिरवा रंग कागद खातो, मागे तपकिरी उमटतो. तेवढं करून टाक."

"ही शुद्ध फसवणूक आहे."

"गेल्या वर्षी दोन केलेस तेव्हा नव्हती?"

आत्यांनी कुंचला उचलला. शिळ्या चहाचं पाणी कुंचल्याने लावायचं, वरून इस्त्री फिरवायची. आंबूस वाफ यायची. त्यांना भाच्यापेक्षा स्वतःच्याच बोटांची जास्त किळस आली. तरी तीन दिवसांत केलं.

भूगोलाचे एक निवृत्त मास्तर भिंग घेऊन आले. कागद उलटवून हरखले. "बघा, हिरवा आरपार गेलाय. याला दोनशे वर्षं लागतात."

आत्या दारात येऊन म्हणाल्या, "तीन दिवस लागले. चहाचं पाणी आणि इस्त्री. मीच केलंय."

भाचा हसला. "आत्यांना थट्टेची सवय आहे."

मास्तरांनी आत्यांच्या बोटांवरचे डाग पाहिले. चांगले निरखून पाहिले. मग भिंग खिशात घालत म्हणाले, "छान थट्टा करता हो तुम्ही," आणि नकाशा बांधून द्यायला सांगितला.

मास्तरांना सगळं कळलं होतं. आत्यांनी कुंचले धुतले, पिशवीत घातले आणि कुणाशी न बोलता घर गाठलं.

दोन दिवसांनी वहिनी, भाच्याची आई, आली. "घरातली गोष्ट गिऱ्हाइकापुढे कशाला काढायची, वन्सं?"

"काढली. खरी धरली का कुणी?"

वहिनीने पदर सावरला. उठताना म्हणाली, "त्याने दुसरी बाई ठेवली आहे. तुमच्याच टेबलावर बसते. हात बरा आहे तिचा."

"असेल," आत्या म्हणाल्या आणि साबण घेऊन बोटं घासायला पुन्हा मोरीवर गेल्या.