भांगाचा काना

"भांगाचं पाणी होतं," साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि कागदावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "भांगेचं म्हणायचंय का गं तुला? काना-मात्रा कळत नाही आणि पोलिसात आलीस?"

सकाळची हजेरी होती. कल्याणचं पोलीस ठाणं. रांगेत सगळे पुरुष आणि शेवटी मी, एकटी बाई. सगळे हसले. मी सावधान उभी होते. सावधानमध्ये कानावर हात ठेवता येत नाहीत.

मी बाळकुमची. कोळ्याची पोर. पोलिसात भरती झाले तेव्हा बाप हसत म्हणाला होता, "उधानाची भरती का भांगाची गो?" उधाणाला खाडी काठोकाठ चढते. भांगाला, अष्टमीच्या आसपास, पाणी जेमतेम वर येतं आणि होड्या चिखलात बसून राहतात. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. फौजदार साहेबांना ठाऊक नव्हतं. ते देशावरचे. शुद्ध बोलायचे आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

ठाण्यात नवा शिपाई आला की त्याला एखाद्या जुन्या हवालदाराच्या हाताखाली देत. जबाब कसा घ्यायचा, पंचनामा कसा लिहायचा, हे तो त्याला शेजारी बसवून शिकवी. माझ्याबरोबर लागलेले सगळे असे शिकले. मला कुणाच्याच हाताखाली दिलं नाही. मला चहा सांगायला पाठवत. मी गेले की खिडकी उघडत आणि म्हणत, म्हावऱ्याचा वास गेला. मी रोज आंघोळ करून, पावडर लावून जायची. त्या पावडरीची मला आजही लाज वाटते.

आदल्या दिवशी एक कोळीण आली होती. खाडीत रेती काढणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी तिच्या नवऱ्याला लोखंडी पहारीने मारलं होतं. उजवा हात कोपरातून मोडला होता. तिचं बोलणं कुणाला कळेना. साहेब म्हणाले, "तुमच्यातलीच आहे. तूच लिहून घे." माझा पहिला जबाब. मी खाली कार्बन घातला, दोनदा पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला बसले.

"भांगाचा पानी व्हता गो बाय," ती म्हणाली. "होरी चिखलान रुतली. पलनार कुठं? मारताना मी माज्या डोल्यांनी बगितला."

मी तिचं बोलणं तसंच्या तसं उतरवलं. फक्त 'पानी व्हता'चं 'पाणी होतं' केलं. तेवढं शुद्ध मलाही येत होतं.

हजेरी सुटल्यावर साहेबांनी माझ्यासमोर लाल पेन घेतलं. 'भांगाचं' मधला काना खोडला, वर मात्रा दिली. मग रायटरला सांगून सगळा जबाब नव्याने लिहवून घेतला. घटनेच्या वेळी फिर्यादी व तिचा नवरा भांगेच्या अमलाखाली होते. होडी त्यांनीच चिखलात घातली. त्या बाईला परत बोलावून त्यावर तिचा अंगठा घेतला. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. आणि मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून माझं नाव भांग पडलं. "ए भांग, सहा कटिंग सांग." मी सांगत होते.

कार्बनची प्रत मात्र मी फाडली नाही. घडी करून ट्रंकेत, साडीखाली ठेवली. का ठेवली, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दोन वर्षांनी केस उभी राहिली. त्या दिवशी माझी ड्युटी कोर्टातच होती. मी प्रत सोबत घेतली, पण ती दाखवेन असं ठरवलेलं नव्हतं. ठेकेदाराच्या वकिलाने जबाब वाचला. भांगेच्या अमलाखाली. कोळीण ओरडली, "आमी नाय कंदी भांग पीत!" कोर्ट हसलं. तिने दाराशी मला पाहिलं आणि बोट केलं. "त्या बायनी लिवलेला. तिला इचारा."

साहेब पुढच्या बाकावर होते. त्यांनी वळून नुसती मान हलवली. नाही म्हण, असं.

तेवढ्या मान हलवण्याने माझं डोकं फिरलं. मी पुढे गेले. खिशातली प्रत काढली.

"भांगाची भरती, साहेब," मी न्यायाधीशांना म्हणाले. "शाळेच्या भूगोलात आहे. या फौजदार साहेबांनी काना खोडून मात्रा दिली. माझ्यासमोर दिली."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण ती माणसं सुटली. एकाच बाईचे दोन जबाब, म्हणून संशयाचा फायदा. तो कोळी पुन्हा जाळं फेकू शकला नाही. मी हजेरीच्या दिवशीच बोलले असते तर एकच जबाब राहिला असता. मला नोटीस आली, मग आंबिवलीच्या चौकीवर बदली. साहेबांना पुढे बढती मिळाली.

आता मी हवालदार आहे. मध्यंतरी वरून कागद आला की प्रत्येक जुन्याने एका नव्याला हाताखाली घ्यावं, ठाण्यात सर्वांना आपलेपणा वाटावा. त्यावर भाषण द्यायला तेच साहेब आले. आपल्याकडे कुणाला कमी लेखलं जात नाही, म्हणाले. जाताना मला ओळखलं आणि हसले. "काय भांग, शिकवतेस का पोरींना?"

"शिकवते साहेब," मी म्हणाले. "काना कुठे द्यायचा ते आधी शिकवते."

त्यांचं हसू तिथेच विझलं.

मी खरंच शिकवते. आगऱ्याची, कोळ्याची, ठाकराची, वस्तीतली, जी पोरगी येईल तिला शेजारी बसवते. बाई बोलेल तसं लिही. साहेब खोडायला लागला तर उभी राहा आणि नाही म्हण. कार्बन घातल्याशिवाय पेन टेकवू नकोस. लोकांना वाटतं मी मायाळू आहे. मी मायाळू नाही. मी सूड घेतेय. साहेबांची नोकरी अजून बाकी आहे, आणि माझ्या पोरींच्या बदल्या जिल्हाभर होतात. ते ज्या ठाण्यात जातील तिथे टेबलापाशी माझी एक पोरगी लिहायला बसलेली असेल. त्यांनी लाल पेन काढावं. ती त्यांच्या हातातून काढून घेईल.