माणसं मधी येतात

"माणसं मधी येतात हो," असं म्हणत नाना सदऱ्याच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढत आणि फोटोतल्या माणसांवर आडवा ठेवून देत. खाली कोणाचे आजोबा झाकले गेले की कोणाची सासू, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. पुठ्ठ्याच्या वर जे उरे ते आगगाडीचं इंजिन, आणि नानांना तेवढंच हवं असे. पुठ्ठा कुठल्याशा लग्नपत्रिकेचा होता. त्याच्या कोपऱ्यात गणपतीची अर्धी सोंड होती, बाकीचा गणपती नानांनी मापात कापून टाकला होता.

जळगावात माझा फोटो स्टुडिओ आणि समोर नानांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की नाना मशीन घेऊन टर्रर्र करत भांड्यांवर नावं घालत बसायचे. "नाव नसलेलं भांडं पंगतीतून परत येत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते इतक्या गंभीरपणे म्हणत की वाटी घ्यायला आलेला माणूस भिऊन चमच्यांवरसुद्धा नाव घालून घ्यायचा. रेल्वेशी नानांचा संबंध म्हणाल तर तिकीट काढण्यापुरता. पण वाफेच्या इंजिनाचं खूळ त्यांना लहानपणापासून लागलं होतं आणि ते काही उतरलं नाही.

मी स्टुडिओ घेतला तो एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून. तो मुलाकडे सुरतेला निघून गेला आणि जाताना जुन्या, बिघडलेल्या, नाव ना गाव अशा फोटोंच्या दोन ट्रंका मागे ठेवून गेला. मला त्या फेकायच्याच होत्या. नानांनी एकदा त्यात डोकावून एका फोटोत स्टेशनावर इंजिन पाहिलं, आणि झालं! मी गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या हवाली केले. त्या दिवसापासून नाना दुकानात भिंग घेऊन बसायला लागले. चाकं मोजायची, धुराडं बघायचं, मग मान तिरकी करून म्हणायचं, "तोंड ओळखीचं वाटतं." ओळख पटली की फोटोच्या मागे पेन्सिलनं इंजिनाची जात लिहायची आणि पुढचा फोटो घ्यायचा.

हे ज्ञान बिनचूक होतं असा मात्र गैरसमज करून घेऊ नका. एकदा एका व्यापाऱ्यानं त्याच्या वडिलांचा फोटो आणला. नानांनी वडील झाकले, वरचं धुराडं न्याहाळलं आणि अर्धा तास हैराण होऊन म्हणाले, "चाकं कुठे गेली हिची?"

"नाना, तो कापसाच्या जिनिंगमधला बॉयलर आहे," व्यापारी म्हणाला.

"मग आधी सांगायचं नाही का? मी उगाच घाबरलो."

आणि देवपूरचा किस्सा तर आमच्या गल्लीत लहान पोरंही सांगत. भाच्यासाठी मुलगी बघायला नाना धुळ्याला गेले होते. फोटो काढायला सोबत मला नेलं, कारण वाटेत चाळीसगावहून सुटणारी धुळ्याची गाडी होती आणि तिला तेव्हा अजून वाफेचं इंजिन लागत असे. धुळ्याच्या देवपूर भागातल्या त्या घरी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन समोर उभी राहिली. मंडळी तिला न्याहाळू लागली. नाना तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते. तिथे कुणाचा तरी यात्रेचा फोटो लावला होता, इंजिनासकट. शेवटी नानांना राहवलं नाही. "पोरी, जरा बाजूला हो बरं."

परत आल्यावर अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, विचारलं, "मुलगी कशी शे?"

"सहा चाकं दिसली. पुढची दोन झाकली गेली, मुलगी मधी उभी होती."

लग्न जमलं ते त्या मुलीच्या हट्टानं. आजवर आलेल्या सगळ्यांत आपल्याला खालीवर न बघणारा हा एकच माणूस, असं तिनं घरी सांगितलं म्हणे. आता याला काय म्हणावं!

अक्का दोंडाईच्याच्या. बोलणं पक्कं खानदेशी आणि आवाज असा की खालच्या दुकानातली पातेली वाजावीत. इंजिनांना त्या 'मन्ह्या सवती' म्हणत आणि त्या फोटोंना बोटही लावत नसत. त्यांचा राग नुसता खुळावर नव्हता. घरात सगळ्यांचे फोटो होते, फक्त नाना-अक्कांच्या लग्नाचा नव्हता. जळगावहून वऱ्हाडाबरोबर फोटोग्राफर नेला होता, माझ्या आधीचा तोच म्हातारा. पाठवणीच्या वेळी दोंडाईच्याच्या स्टेशनात त्यानं सगळ्यांना उभं करून फोटो काढला, आणि महिन्यानं सांगितलं की ज्या काचेवरून फोटो छापायचा ती काच फुटली. नातवंडांनी "आजी, तू नवरी कशी दिसायचीस?" असं विचारलं की अक्का स्वयंपाकघरात निघून जात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नानांनी पाहिलं असेल असं वाटत नाही.

मग वाफेची इंजिनं बंद होत चालल्याच्या बातम्या यायला लागल्या. आमच्या वाचनालयानं नानांना हॉल दिला, तुमचे फोटो मांडा म्हणाले. नाना हरखले. प्रत्येक फोटोखाली लावायला त्यांनी स्टीलच्या पट्ट्या कापल्या आणि मशीननं त्यांवर नावं घातली. सगळी झाली, एक सोडून.

ट्रंकेतल्या त्या एका इंजिनानं नानांचा जीव खाल्ला होता. नंबराची पाटी वाफेत बुडालेली. बाकी सगळं ओळखीचं, पण पोटावरून जाणारी जाड नळी भलत्याच अंगाला. "अशी जात मी उभ्या जन्मात पाहिली नाही," नाना म्हणत. कितीतरी वर्षं ते त्या फोटोवर पुठ्ठा ठेवून बसत होते. मी म्हटलं, "नाना, हा फोटो गाळा ना." तर त्यांचे डोळे भरून आले. खरंच आले. "फोटोवाले, ही सगळी आता भंगारात जाणार. हिच्यावर नाव नसलं तर कुणाला कळणार की ही होती?" मला हसू येत होतं, पण फोटो गाळा असं मी पुन्हा म्हटलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघंच. नाना टेबलाशी कोरी पट्टी घेऊन बसलेले, पुढ्यात तो फोटो, त्यावर पुठ्ठा. अक्का डबा घेऊन आल्या. भरीत नुकतंच चुलीवरून उतरवलेलं. वाचनालयाच्या टेबलाला पॉलिश होतं, त्यावर गरम डबा कसा ठेवायचा? अक्कांनी सरळ फोटोवरचा पुठ्ठा उचलला आणि डब्याखाली घातला.

"अगं, माझा पुठ्ठा!" नाना ओरडले.

अक्कांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नानांच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

"ओ माय! हाई तर मन्ही पेटी शे!"

"कुठली पेटी?"

"पोपटना चित्रनी. घरमा नही का? नि हाऊ मन्हा भाऊ, रडी ऱ्हायना. नि हाई..." अक्कांनी भिंग पुसून पुन्हा धरलं. "हाई मी शे."

मी वाकून पाहिलं. वऱ्हाड ओळीनं उभं, सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. मधोमध शालू नेसलेली एक लहानशी नवरी. आणि तिच्या शेजारी मुंडावळ्यांसकट पाठ फिरवून उभा असलेला नवरदेव, मान वर करून इंजिन बघत.

"बठ्ठा लोके कॅमेराकडे देखी ऱ्हायनात, नि हाऊ एकला इंजिनकडे," अक्का म्हणाल्या. "असा माणूस बठ्ठा खान्देशमा एकच शे."

मग अक्कांनी भिंग आणखी जवळ नेलं. "पन हाई नथ उजव्या नाकमा कशी? मी काय येडी शे? नथ डाव्या नाकमा व्हती."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. त्या म्हाताऱ्यानं काच उलटी धरून फोटो छापला होता. छापलेला बिघडला म्हणून ट्रंकेत टाकला, आणि पुन्हा छापायच्या आत काच फुटली असणार. मी शेजारच्या सलूनमधून हातातला आरसा आणून फोटोसमोर धरला. नथ डाव्या नाकात गेली. जाड नळीही जिथं असायला हवी तिथं गेली.

नानांनी आरशात पाहिलं आणि कपाळाला हात मारला. "अरे, ही तर आपली रोजचीच! हिला मी हजारदा पाहिलीय!"

"कोनले?" अक्कांनी विचारलं.

नानांनी प्रथमच इंजिनावरून नजर काढली आणि खाली नवरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. भरीत गार झालं तरी त्यांना भान नव्हतं.

संध्याकाळी उद्घाटनाला गावातली मोठी माणसं आली. त्या फोटोखालच्या पट्टीवर नानांनी घातलं होतं: 'इंजिन रोजचंच. सोबत आमची सौ.' लोक पोट धरून हसले. अक्का नवी साडी नेसून शेवटपर्यंत त्याच फोटोपाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या डाव्या नाकातली नथ दाखवत राहिल्या.

मी त्यांना उलट्याचा सुलटा फोटो करून दिला, त्याच मापाचा, काचेच्या चौकटीत.

नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा अक्कांना भेटायला गेलो. दुकान मुलगा बघतो, नाव घालायचं मशीन कोपऱ्यात कापडाखाली आहे. नाना नसलेलं ते दुकान मला अजून बघवत नाही. वर घरात गेलो तर भिंतीवर तोच फोटो होता. पण चौकटीत काचेच्या आतून कुणीतरी नानांचा जुना पुठ्ठा सरकवला होता, वरच्या बाजूला. इंजिन पार झाकून गेलं होतं. खाली रडणारा भाऊ, पोपटाची पेटी, नवरी, आणि गणपतीच्या अर्ध्या सोंडेकडे टक लावून पाहणारी नानांची पाठ.

"अक्का, हे काय?"

"इंजिन मधी येस हो," अक्का म्हणाल्या. पदरानं काच पुसली आणि हळूच म्हणाल्या, "आते तरी मांगे वळीसन देखतीन."